सत्तावीस ते चाळीस हजार

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने संग्रामपूर येथे झालेल्या बैठकीतील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आधीच सांगून टाकतो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. माझं रोजचं काम म्हणजे नोंदी जुळवायच्या. ही नोंद दोनदा आली का, ही गाळली गेली का, हा आकडा आला कुठून, हे बघत बसायचं. त्यामुळे हैदराबाद संस्थानाच्या विषयाकडे मी एका आकड्यामुळे वळलो. खरं तर दोन आकड्यांमधल्या अंतरामुळे. त्यावर येतोच.

पण आधी संयोजकांना सकाळपासून दोघा-तिघांनी विचारलेला प्रश्न. दिवस मराठवाड्याचा, मग कार्यक्रम संग्रामपुरात कशाला? प्रश्न चुकीचा नाही. आपण वऱ्हाडातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. आपल्याकडे रझाकार आले नाहीत आणि सप्टेंबर १९४८ मध्ये फौजही लढली नाही. पण वऱ्हाड एके काळी निजामाचंच होतं. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने गेला, आणि निजामाच्या थोरल्या मुलाकडे ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी तेवढी राहिली. म्हणून १५ ऑगस्ट १९४७ ला संग्रामपूर स्वतंत्र झालं आणि आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, देऊळगाव राजाच्या पलीकडे, जालना झालं नाही. नकाशावरची एक रेघ. रेघेच्या या बाजूला झेंडावंदन आणि त्या बाजूला पुढचं तेरा महिन्यांचं सगळं. सोयरीक मात्र रेघ बघून होत नाही. या खोलीतल्या किती जणांचं आजोळ जालना, परभणी, नांदेडकडचं आहे, जरा हात वर करा. बघा, निम्मी खोली. म्हणून संग्रामपुरात.

आता तारीख. १७ सप्टेंबर. महाराष्ट्रात तिला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. केंद्र सरकारने हैदराबाद मुक्ती दिन असं नाव ठरवलं. तेलंगणात सरकार बदललं की नाव बदलतं. एक दिवस, एक घटना, आणि नावावर एकमत नाही. मला वाटतं यात वाईट काही नाही, एवढंच कळतं की प्रकरण अजून मिटलेलं नाही.

घटना थोडक्यात. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. प्रजा बहुसंख्येने हिंदू, सत्ता मुस्लिम राजघराण्याची. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा पुढारी कासीम रझवी, हा लातूरचा वकील. त्याने रझाकार नावाची स्वयंसेवक फौज वाढवली. ‘रझाकार’ या शब्दाचा अर्थच स्वयंसेवक. आज मराठवाड्याच्या खेड्यात कोणी दांडगाई केली तर ‘काय रझाकारी लावली’ असं म्हणतात, यावरून त्या स्वयंसेवेचा अंदाज येईल. लूट, जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. कम्युनिस्टांवर, काँग्रेसवाल्यांवर, साध्या शेतकऱ्यांवर. बिलोली तालुक्यात अर्जापूरला गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच मारले गेले होते. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज पाच बाजूंनी आत शिरली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. फौज शिरली तरी सरकारी नाव ‘पोलीस ॲक्शन’. हेही एक नाव.

ही झाली पाठ्यपुस्तकातली गोष्ट. ती खरी आहे. आपल्यातल्या काही जणांना ती अर्धवट वाटते, म्हणून ते तिला खोटी म्हणायला लागतात. ते मला मान्य नाही. म्हणून मी आधी गोर्ट्याबद्दल बोलणार आहे.

बिदर जिल्ह्यात बसवकल्याणजवळ गोर्टा नावाचं गाव आहे. कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारा भाग. १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी तिथे दोनशेहून अधिक माणसं मारली. गावात तिरंगा लावल्याचा राग होता, असं सांगतात. तिथे आता मोठं स्मारक झालंय. हुतात्म्यांचं स्मारक, सरदार पटेलांचा पुतळा आणि १०३ फुटांचा ध्वज. मार्च २०२३ मध्ये, कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, केंद्रीय गृहमंत्री अमित शहांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आधीच्या सरकारांनी मतांसाठी या गावाला विसरून टाकलं, असं ते त्या वेळी बोलले.

मी गेल्या हिवाळ्यात तिथे जाऊन आलो. घरात कुणी म्हटलं, तिथे तुझं काय काम? मी म्हटलं, काम आहे. वहीत काही टिपत उभा होतो तर एका म्हाताऱ्या माणसाने मराठीत विचारलं, सर्वेवाले का? मी नाव सांगितलं. नाव ऐकल्यावर ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, चहा घ्या. चहा घेताना आम्ही पावसाबद्दल आणि सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो. मे १९४८ बद्दल ना त्यांनी काढलं ना मी. एवढंच झालं. यापेक्षा मोठं काही घडलं असं सांगून मी तुम्हाला भारावून टाकणार नाही.

पण तिथे उभं राहून मला जे वाटलं ते सांगतो. निवडणुकीचा मुहूर्त धरून उभारलं म्हणून स्मारक खोटं होत नाही. ज्यांनी ते उभारलं त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण त्या दगडाखाली ज्यांची आठवण आहे ती माणसं मेली हे खरं आहे. त्यांना मारणाऱ्यांनी माझ्या धर्माचं नाव घेतलं होतं, हेही खरं आहे. तिथे सगळ्यात आधी आपण जायला हवं होतं, आणि पंच्याहत्तर वर्षांत कधीही जाता आलं असतं. ध्वज उभा राहायची वाट बघायची गरज नव्हती.

इथेच आणखी एक नाव. शोएबुल्ला खान. किती जणांनी ऐकलंय? तीन. हा हैदराबादचा पत्रकार, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा संपादक, वय तिशीच्या आतलं. संस्थानाने भारतात सामील व्हावं असं उघड लिहायचा. सात मुस्लिम प्रतिष्ठितांनी रझाकारांविरुद्ध निवेदन काढलं, ते त्याने छापलं. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी जाताना रस्त्यात त्याला गाठून मारलं, आणि ज्या हाताने लिहायचा तो हात तोडला. फौज यायला तीन-साडेतीन आठवडे बाकी होते. कोणी आपल्या पोराला ‘रझाकाराची औलाद’ म्हटलं तर त्या पोराला शोएबुल्ला खानाचं नाव माहीत असलं पाहिजे. शिवी परतवायला नाही. आपल्यातलेही लोक त्या बाजूला उभे राहिले होते, हे त्याला ठाऊक हवं म्हणून.

आता १७ सप्टेंबरच्या नंतरचं.

निजाम शरण आला, रझाकार पळाले किंवा पकडले गेले. कासीम रझवीला अटक झाली, खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांत जास्त दोष, तो म्हातारा होऊन अंथरुणावर मेला. आणि ज्या पिंजाऱ्याने, ज्या बागवानाने, ज्या मोमीन विणकराने रझाकारांचा मोर्चा फक्त लांबून पाहिला होता, तो त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारला गेला. उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. पंडित नेहरूंच्या कानावर या बातम्या गेल्या तेव्हा त्यांनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना तिकडे पाठवलं. सुंदरलाल म्हणजे कोणी लीगवाले नव्हते. गांधींच्या मुशीतले जुने काँग्रेसवाले, ‘भारत में अंग्रेजी राज’ लिहिणारे, ज्या पुस्तकावर इंग्रजांनी बंदी घातली होती. नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबर १९४८ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ही मंडळी फिरली. सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले, शंभरावर गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. प्रेतं पडलेल्या विहिरी त्यांनी स्वतः पाहिल्या. त्यांनी लिहिलं की सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत मिळून मेलेले १८ हजारांहून कमी नसावेत, आणि संपूर्ण संस्थानात, हात राखून केलेला अंदाज, २७ ते ४० हजार.

या अहवालाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तो एका बाजूचा नाही. रझाकारांनी काय केलं ते त्यात आहे. सूड कुठून आला ते आहे. सोलापूर आणि इतर शहरांतून आलेल्या सशस्त्र टोळ्यांचा उल्लेख आहे. काही ठिकाणी फौजेतले आणि पोलिसांतले लोक लुटीत सामील होते हे आहे, आणि बऱ्याच ठिकाणी फौजेच्या अधिकाऱ्यांनी शिस्त राखली, मुसलमानांना वाचवलं, हेही आहे. आपल्या जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना लपवणाऱ्या हिंदूंबद्दल आहे. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांना धरून राहिली, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, असं एक निरीक्षण आहे. त्याच्यावर कोणीतरी पीएचडी करायला हवी.

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही. सरकारने तो छापला नाही. कित्येक दशकं त्याचे तुकडे हातोहात फिरत राहिले. मुंबईचे वकील आणि अभ्यासक ए. जी. नूरानी यांनी हैदराबादवरच्या आपल्या पुस्तकात तो छापला, तेव्हा, म्हणजे २०१३ च्या सुमाराला, सर्वसामान्य वाचकाच्या हाती तो पहिल्यांदा नीट आला. यापेक्षा खूप मोठे आकडे सांगणारेही आहेत आणि २७ हजारही जास्त वाटणारे आहेत. मी या भांडणात पडत नाही. मला तो आकडा जसा लिहिलाय तसाच दिसतो. २७ ते ४०.

मित्रहो, यातलं अंतर किती? तेरा हजार.

माझ्या कामात कोणी असं उत्तर घेऊन आलं की ग्राहक २७ हजार असतील किंवा ४० हजार असतील, तर मी त्याला परत पाठवीन. तुझ्याकडे यादी नाही, तू अंदाज सांगतोयस, असं म्हणेन. सुंदरलालांना मी ते म्हणू शकत नाही. तीन-साडेतीन आठवड्यांत, बैलगाडीच्या रस्त्यांवर, भेदरलेल्या माणसांशी बोलून त्यांनी जे केलं त्याहून जास्त कोणी करू शकलं नसतं. पण त्यांच्यानंतर कोणी गेलं नाही. ती तेरा हजार माणसं जगली की मेली, हेच आपल्याला माहीत नाही. मेली असतील तर ती अंदाजाच्या दोन टोकांमध्ये मेली. आणि तेरा हजार म्हणजे किती, तर आपल्या तालुक्यातली मोठमोठी दोन-तीन गावं पूर्ण रिकामी.

माझी नानी त्या भागातली. लग्न होऊन वऱ्हाडात आली ती १९५० नंतर. माझ्या लहानपणी ती तिच्या वडिलांचा विषय निघाला की एवढंच म्हणायची, ‘ॲक्शन में गए.’ जसं कोणी म्हणेल, प्लेगात गेले, दुष्काळात गेले. मला कित्येक वर्षं वाटायचं की ॲक्शन हे एखाद्या गावाचं नाव आहे. ते पिंजारी होते. गाद्या-रजया भरायचे. बाजाराला गेले ते आले नाहीत. नानी, तिची आई आणि भाऊ वाचले, कारण शेजारच्या एका तेल्याने त्यांना पेवात लपवलं. पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार, आत हवा कमी, रात्री झाकण सरकवून तो पाणी द्यायचा. चार रात्री. आता बघा, नानीला तिच्या वडिलांचं नाव माहीत होतं. गावाचं नाव माहीत होतं. त्या तेल्याचं नाव मात्र तिला सांगता यायचं नाही, ती त्याला ‘तेली मामू’ म्हणायची. मी त्या गावात जाऊन विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. मारणाऱ्यांची नावं लपवली जातात हे समजू शकतो. वाचवणाऱ्याचंही नाव गेलं.

एका घरातलं हे असं. नानी २००९ मध्ये गेली. तिच्या वयाची माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत, जी आहेत ती.

आता स्मारकाकडे येतो.

महाराष्ट्राला हुतात्मा स्मारकं नवी नाहीत. विदर्भात आष्टी आणि चिमूरला १९४२ च्या लढ्यातल्या शहिदांची स्मारकं आहेत, आष्टीच्या नावातच शहीद आलंय. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर दोनशेच्या वर हुतात्मा स्मारकं एकसारख्या आराखड्यावर उभी राहिली. ती योजना बॅरिस्टर अंतुल्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ आहे, आज सकाळी तिथे झेंडावंदन झालं असेल. या सगळ्यांत माणूस हुतात्मा म्हणून येतो. लढताना मेलेला. पण पिंजारी लढत नव्हता. तो बाजाराला गेला होता. अशा माणसासाठी आपल्याकडे स्मारकाचा नमुनाच नाही.

जगात आहे. चेक देशातलं लिदित्से गाव १९४२ मध्ये नाझींनी पुसून टाकलं. पुरुषांना गोळ्या घातल्या, बायका छावण्यांत पाठवल्या, मुलांपैकी बहुतेकांना गॅसने मारलं. मारी उखितिलोवा या शिल्पकार बाईने त्या ८२ मुलांचं शिल्प करायला घेतलं, प्रत्येक मूल वेगळं, ब्याऐंशी चेहरे. सरकारकडून पैसा यायची वाट न बघता तिने वीस वर्षं काम केलं, १९८९ मध्ये ती वारली आणि ब्राँझचं काम तिच्या नवऱ्याने पुरं केलं. बुडापेस्टमध्ये डॅन्यूब नदीच्या काठावर लोखंडी बुटांचे ६० जोड आहेत. ज्यू लोकांना काठावर उभं करून, बूट काढायला लावून, गोळी घालून नदीत पाडायचे, त्यांची आठवण. माणूस एकही नाही, नुसते बूट. आपल्यातल्या ज्यांना मूर्ती-पुतळ्याचं धार्मिक वावडं आहे त्यांनी हे शिल्प एकदा बघावं. चेहरा न घडवताही शिल्प होतं.

आणि तिसरं, जे आपल्या वाचकांना माहीत असेल, स्रेब्रेनित्सा. बोस्नियाच्या युद्धात, जुलै १९९५ मध्ये, आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. पोतोचारीला त्यांची दफनभूमी आणि स्मारक आहे, दगडावर नावं कोरलीत. तिथल्या एका शिळेवर आकडा आहे, ८३७२, आणि आकड्यापुढे तीन टिंबं. म्हणजे मोजणी संपलेली नाही. मारणाऱ्यांनी पुरावा लपवण्यासाठी बुलडोझरने सामूहिक कबरी उकरून हाडं दुसरीकडे नेऊन पुरली, एकेका माणसाची हाडं दोन-तीन कबरींत सापडली. तरी नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन, डीएनए जुळवून, बहुतेकांची ओळख पटवली गेली. हे मुळात नोंदी जुळवण्याचं काम आहे, म्हणून मला त्याचं जास्त अप्रूप. दर वर्षी ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांचं दफन होतं. कोण्या आईला तिच्या मुलाचं एक हाड मिळालं तरी ती ते पुरते, कारण आता ते त्याचं असल्याचं ती सांगू शकते.

स्रेब्रेनित्साचा सगळा आकडा ८३७२. आपल्या अंदाजातलं नुसतं अंतर त्याच्या दीडपट आहे. मी दोन दुःखांची तुलना करत नाही. मी दोन याद्यांची तुलना करतोय, आणि त्यातली एक यादी नाहीच.

यावर तीन आक्षेप येतात, बैठकीआधी इथेही आले.

पहिला आपल्याच बुजुर्गांचा. गडे मुर्दे मत उखाडो. मी हे हलकं मानत नाही. ज्यांनी १९४८ नंतर त्याच गावात, मारणाऱ्यांच्या मुलांबरोबर, सत्तर वर्षं काढली, एकाच विहिरीचं पाणी प्याले, लग्नाला गेले, त्यांच्या गप्प राहण्यात समंजसपणा होता. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. पण चाचा, मुर्दे गाडलेले असते तर मी काही बोललो नसतो. ज्यांना कबर मिळाली नाही, ज्यांची जनाजाची नमाज झाली नाही, त्यांना उकरण्याचा प्रश्न येतो कुठून? आणि आपण गप्प राहिलो तरी विषय गप्प राहिला नाही. त्याच्यावर सिनेमे निघतात, सभा होतात, ध्वज उभे राहतात. त्या गोष्टीत आपला पिंजारी कुठेच नाही, किंवा असला तर रझाकार म्हणून आहे.

दुसरा आक्षेप तरुणांकडून. त्यांनी गोर्टा केलं, आपण आपलं लातूर करू. त्यांचे दोनशे, आपले चाळीस हजार. यालाच मी सगळ्यात जास्त घाबरतो. असं स्मारक झालं तर मी त्याच्या वर्गणीला एक रुपया देणार नाही. एकाचा मेलेला दाखवून दुसऱ्याचा मेलेला झाकायचा, हा धंदा आपल्याला नको. त्यात गोर्ट्याचे म्हातारेबुवा आपले शत्रू होतात आणि पेवात पाणी देणारा तेली गायबच होतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. परवानगी कोण देईल, जागा कोण देईल, उद्या कोणी काळं फासलं तर? याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. दगड आज उभा राहणार नाही हे मला दिसतंय. पण दगडाच्या आधी जे लागतं, ते करायला कोणाची परवानगी लागत नाही.

यादी लागते. जालियनवाला बागेचा सरकारी आकडा ३७९ आपण शाळेत पाठ केला. काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या घरात धरला. तिथल्या मेलेल्यांत हिंदू, मुसलमान, शीख सगळे होते. तिथलं आजचं ज्योतीच्या आकाराचं स्मारक १९६१ चं, म्हणजे घटनेनंतर बेचाळीस वर्षांनी. पण लोकांनी नावं गोळा करायला घेतली ती त्याच वर्षी, मार्शल लॉ नुकताच उठला होता, सांगायला आलो तर आपल्यालाच धरतील अशी भीती होती, तेव्हा. आपण पाऊणशे वर्षं उशिरा सुरू करतोय, पण भीती त्यांच्याइतकी नाही.

तर काम काय, ते सांगतो आणि बसतो.

मी एक साधा फॉर्म केला आहे. फोनवर उघडतो, रेंज नसली तरी भरता येतो, रेंज आली की आपोआप वर जातो. मराठी, उर्दू दोन्हीत आहे. ज्यांना फोनचा कंटाळा त्यांच्यासाठी या टेबलावर वह्या ठेवल्यात. रकाने असे: मेलेल्याचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि तेव्हाचा तालुका, अंदाजे वय, धंदा. धंदा जरूर लिहा, एकाच नावाचे दोघे असले तर धंद्यावरून वेगळे करता येतात. मग कधी, म्हणजे ॲक्शनच्या आधी की नंतर. रझाकारांनी मारलेला हिंदू असो की नंतर मारलेला मुसलमान, फॉर्म एकच. धर्माचा रकाना ठेवलेला नाही. यावर आमच्यात दोन बैठका भांडण झालं, शेवटी ठेवला नाही. मारणाऱ्याच्या नावाचाही रकाना नाही. ते काम न्यायालयाचं होतं, वेळेवर झालं नाही, आता त्यांच्या नातवंडांच्या मागे लागण्यात मला रस नाही. वाचवणाऱ्याचा रकाना मात्र आहे. नाव माहीत नसेल तर जे म्हणत असाल ते लिहा. मी ‘तेली मामू’ असंच लिहिलंय.

आणि शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: हे तुम्हाला कोणी सांगितलं. स्वतः पाहिलं, आईने सांगितलं, की गावात ऐकलं. तिन्ही चालतील, पण कुठलं ते खरं लिहा. ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी लिहिली तर एक दिवस कोणीतरी ती खोडून काढेल आणि तिच्याबरोबर खऱ्या शंभर नोंदी वाहून जातील. मी स्वतः प्रत्येक नोंद तपासणार आहे. दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत ती ‘कच्ची’ म्हणून राहील. कुठल्याही नोंदीतलं सांगणाऱ्याचं नाव आम्ही त्याच्या संमतीशिवाय कोणाला दाखवणार नाही.

आत्तापर्यंत ६१ नावं आलीत. त्यातली १९ कच्ची आहेत. चार नावं ॲक्शनच्या आधीची आहेत आणि ती चारही आपल्या हिंदू मित्रांनी आणून दिलीत.

ज्यांची आजी, नानी, मोठे अब्बा अजून आहेत त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावं. लगेच फोन रेकॉर्डिंगला लावू नका, आधी विचारा. घाई करू नका, त्या एका बैठकीत सांगणार नाहीत. त्या ‘ॲक्शन में गए’ म्हणून थांबल्या तर ‘नानी, नाम क्या था उनका?’ एवढंच विचारा. वह्या दाराजवळच्या टेबलावर आहेत, पेन बांधून ठेवलाय.